नदीकाठची दुसरी रेषा

देऊळगाव राजा, २७ सप्टेंबर १९४३

इंद्रभानजींना हिवताप भरला. धर्मशाळेत दोन घोंगड्या अंगावर घेऊन पडलेत आणि दात वाजतात. म्हणून आजपासून चौकट माझ्या ताब्यात. मला आनंद व्हायला नको होता, पण झाला.

चौकट म्हणजे काही मोठं यंत्र नाही. पतंगाच्या कामट्यांसारख्या दोन पट्ट्या फुलीसारख्या बांधल्या आहेत आणि चारी टोकांवरून तांब्याची तार गुंडाळली आहे. तार जुन्या मोटारगाडीतली, पट्ट्या मोडक्या खाटेच्या. खाली बिस्किटाच्या डब्यात दोन व्हॉल्व्हच्या दिव्यांचा लहानसा रेडिओ, ब्याटरी, आणि कानाला लावायच्या डब्या. सगळं एका झोळीत मावतं. इंद्रभानजी खामगावात रेडिओ दुरुस्त करतात. मी त्यांच्याकडे पावसाळ्याच्या तोंडी आलो. त्याआधी तंबूच्या सिनेमात होतो, त्याआधी सायकलच्या दुकानात, त्याआधी घरी, संग्रामपूरला. शाळा कधी सुटली ते नीट आठवत नाही. मी सोडली असं कोणी म्हणत नाही, शाळेनं सोडलं असंही नाही.

इथे आम्हाला उत्तमरावांनी बोलावलं आहे. मोठे जमीनदार. त्यांच्या ओट्यावर रेडिओ ठेवतात, दिवेलागणीला लढाईच्या बातम्या लागतात आणि अर्धं गाव ऐकायला जमतं. पण महिनाभरापासून नेमक्या बातम्यांच्या वेळी रेडिओत तड तड तड असा आवाज भरतो. कुठल्यातरी इंजिनाची ठिणगी आहे ती. चिखलीचे नायब तहसीलदार, नायबसाहेब, म्हणाले आहेत, इंजिन कोणाचं ते दाखवा, त्याचं राकेल बंद करतो. लढाईमुळे राकेल परवान्याशिवाय मिळत नाही, आणि राकेल बंद म्हणजे इंजिन बंद.

गावात सगळे म्हणतात, झुंबरबाईची पिठाची गिरणी. पूर्वेच्या वेशीशी आहे. बाई माळ्याच्या घरची, नवरा वारला, दीर पुंजाजी इंजिन चालवतो. घर त्या गिरणीवर.

२८ सप्टेंबर

इंद्रभानजींनी तापातच धडा दिला. चौकट उभी धरायची, डब्या कानाला, आणि हळूहळू फिरवायची. एका जागी तडतड मरते. तेव्हा चौकटीचं तोंड जिकडे, तिकडे इंजिन. नाहीतर बरोबर तिच्या पाठीकडे.

"पुढं का मांगं, ते कसं समजाचं?" मी विचारलं.

"नाही समजत. ती साक्षीदार आहे बे. रस्ता खरा सांगते, गाडी इकडं गेली का तिकडं ते सांगत नाही. म्हनून दुसऱ्या जागेवरून दुसरी रेषा घ्याची. दोन रेषा जिथं कापतील तिथं तुहा चोर." मग घोंगडी डोक्यावर ओढून आतूनच म्हणाले, "आन शेष्या, दुसरी रेषा नदीकाठून घेजो. गावातून नाही. गावातून घेतली तर पहिलीच्याच अंगावर पडते."

संध्याकाळी उत्तमरावांच्या ओट्यावरून पहिली रेषा घेतली. फिरवली, फिरवली, आणि एकदम कानात काही नाही. विहिरीत डोकं घातल्यासारखं. तोंड सरळ पूर्वेला. पूर्वेला गिरणी. ओट्यावर बसलेल्या लोकांनी "पाहा, पाहा" केलं. कोणीतरी मला पानाचा विडा दिला. आजपर्यंत मला असं कोणी पाहिलं नव्हतं.

उत्तमराव म्हणाले, "झालं न मंग?"

मी म्हणालो, "एक रेषा राह्यली, मालक. नदीवरून."

"राह्यली तं घे. पन आता काय तिची गरज."

३० सप्टेंबर

घट बसले. काल-आज काही झालं नाही, म्हणजे मी केलं नाही. काल नदीवर जायला निघालो आणि वाटेत एका कासाराशी गप्पा मारत बसलो. तो जालन्याकडच्या गोष्टी सांगतो, निजामाच्या हद्दीतल्या. आज दिवसभर ढग होते.

संध्याकाळी उत्तमरावांच्या पश्चिमेच्या मळ्यात आंघोळ केली. नवी संत्र्याची झाडं लावली आहेत. विहिरीवर इंजिन बसवलं आहे, पाणी असं जाड पडतं की डोकं बधिर होतं. मळेकरी म्हणाला, ऊन उतरल्यावर पाणी दिलं की झाडाला मानवतं, म्हणून दिवेलागणीलाच चालवतो. फार सुख वाटलं. संग्रामपूरला डोंगराच्या ओढ्यात असंच बसायचो.

आता हे मी उत्तमरावांच्या गोठ्यात बसून लिहितो आहे. बसायला दोन जात्याचे दगड आहेत, पण घरच्या जात्यापेक्षा कितीतरी मोठे, नवे कोरे, पोत्यात गुंडाळलेले. कशाचे म्हणून विचारलं तर दिवाणजी म्हणाला, "तुले काय कराचं?" बसायला गार आहेत.

तारीख ३ असावी

आज लाटांचा दिवस होता. बालाजीच्या पुढे मांडव घालतात, त्यासाठी सागाच्या लांबलचक लाटा उभ्या करतात. यंत्र नाही, कप्पी नाही, नुसते दोर आणि माणसं. दोराला हात लावायला सगळं गाव येतं. मी नदीवरच निघालो होतो, देवाशपथ, झोळी खांद्याला होती. नदीचा रस्ता देवळापुढून जातो. थोडा वेळ पाहू म्हणून थांबलो.

मग एक लाट अर्धी उठून अडली. "अबे पाहून काय राह्यला, लाव न हात," पुढचा माणूस म्हणाला. मी झोळी एका म्हातारीच्या पायाशी ठेवली आणि दोर धरला. लाट हलेना, मग हलली, मग सरळ उभी राहिली. सगळे एकदम मागे पडलो, एकमेकांच्या अंगावर. पुढचा माणूस माझ्यावर पडला आणि हसून म्हणाला, "हाडं आहेत का चिपाडं?" मग दुसरी लाट. मग तिसरी. मी सोडू शकत होतो. सोडला नाही. कोणी मला विचारलं नाही तू कुठला, कोणाचा. दोर धरला की झालं.

भान आलं तेव्हा गावात दिवे लागून गेले होते. बातम्या संपल्या असणार. आता तडतड उद्यापर्यंत नाही.

४ ऑक्टोबर

सकाळीच दिवाणजी बोलवायला आला. उत्तमराव फार चिडले होते. नायबसाहेब सणासाठी त्यांच्याकडेच उतरले आहेत. काल संध्याकाळी लाटा पाहायला न जाता दोघं रेडिओपाशी बसले होते, आणि बातम्यांचं एक अक्षर ऐकू आलं नाही.

"सायबाच्या कानात तडतड," उत्तमराव म्हणाले. "नकाशाचा कागद कुठं आहे तुहा?"

मी म्हणालो, देतो.

"दुसरी रेषा झाली?"

मी म्हणालो, हो.

किती सोपं निघालं ते. "हो." तोंडात आधीच तयार होतं. बाहेर येऊन पारावर बसलो. गावाच्या नकाशावर पहिली रेषा होतीच. दुसरी नदीकाठून ओढली आणि गिरणीवर नेऊन टेकवली. पट्टी नव्हती, म्हणून डब्याच्या कडेनं ओढली. सरळ आली. वाटलं, सगळं गाव म्हणतं आहे, उत्तमराव म्हणतात, पहिली रेषाही तिकडेच जाते, मग दुसरी कुठे जाणार?

इंद्रभानजींनी तापलेल्या हातानं खाली सही केली. विचारलं, "आवाज साफ मेला होता?" मी म्हणालो, साफ. ते म्हणाले, "शाब्बास." हा शब्द मला टोचत राहिला. मग जेवलो आणि जरा विसरलो.

७ ऑक्टोबर

झुंबरबाईच्या गिरणीचा परवाना थांबवला. कायमचा निकाल नायबसाहेब दसरा झाल्यावर येऊन देणार, पण राकेल कालपासूनच बंद.

आणि तडतड थांबली. काल नाही, आज नाही. बातम्या घंटेसारख्या स्वच्छ. उत्तमरावांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. मला इतकं हलकं वाटलं. म्हणजे मी खोटी ओढली तरी रेषा खरीच निघाली. नशीब म्हणतात ते हेच. आज मळ्यात आंघोळीला गेलो तर इंजिन बंद. मळेकरी कुरकुरत होता, मालकाचा हुकूम आहे, आता पाणी पहाटेच द्यायचं, झोपेचं खोबरं झालं. मी म्हणालो, मोठ्या लोकांच्या लहरी.

१० ऑक्टोबर

दसरा झाला. पहाटे जाग आली ती जात्यांच्या आवाजानं. गिरणी बंद म्हणून बाया पुन्हा घरी दळतात. या घरातून, त्या घरातून, समोरून, मागून. मी डोळे मिटून कुठला आवाज कुठून येतो ते ओळखायला लागलो, सवयीनं. ओळखता येईना. सगळीकडूनच होता. मग उठून बाहेर गेलो.

धर्मशाळेची बाई पाणी भरताना मला ऐकू जाईल असं म्हणाली, "लेकीच्या हाताले फोड आले. खामगावचा रेडूवाला सुखी राहो."

मी खामगावचा नाही हे तिला सांगणार होतो.

११ ऑक्टोबर

आज कळलं.

पारापाशी पुंजाजी भेटले, झुंबरबाईचे दीर. मी त्यांना ओळखलं नव्हतं, त्यांनीच मला हाक मारली. लाटांच्या दिवशी दोरावर माझ्या पुढे होते ते हेच. "चिपाडं" म्हणणारे. मी चौकटीवाला हे त्यांना माहीत नसावं असं आधी वाटलं. माहीत होतं.

त्यांनी तळहात दाखवला. दोरानं सोललेली कातडी अजून भरली नव्हती. "इंजिनाचा चाक मारायले आता हात लागतच नाही, म्हनून भरून जाईन लवकर," म्हणाले. मग म्हणाले, "तू तं दोरावर होता न बे त्या दिवशी? मी वहिनीले म्हनलं, पोरगं वाईट नाही, ताकद लावत होतं. ती म्हने, दोरावर होतं तं रेषा कव्हा काढली?"

मी त्यांच्या तळहाताकडेच पाहत राहिलो.

"आमी त दुपारीच बंद केलती गिरनी. लाटांले जायचं म्हनून. सांजपर्यंत कुलूप."

ते गेले. मी बसून राहिलो. हळूहळू, आमच्या संग्रामपूरला डोंगरावरून पाणी उतरतं तसं, वरून खाली येत गेलं. त्या संध्याकाळी गिरणीला कुलूप होतं. त्याच संध्याकाळी तडतड होती. म्हणजे गिरणी नाही. हे आठ दिवस माझ्यापाशी होतं, कारण कुलूप लावणारा माणूस माझ्या अंगावर पडला होता. पुंजाजींनी हे सांगितलं तर गाव म्हणेल, बाईच्या घरचेच बोलतात. मी सांगू शकतो. पण सांगायचं म्हणजे मी नदीवर नव्हतो हे सांगायचं.

हे लिहितानाही कान गरम झाले आहेत.

१२ ऑक्टोबर

इंद्रभानजींना सांगितलं. ताप उतरला आहे, भिंतीला टेकून पेज पीत होते. सगळं ऐकलं. वाटी खाली ठेवली.

"माही सही आहे तिच्यावर," म्हणाले.

"हो."

"खामगाव, मेहकर, चिखली, सगळीकडून कामं येतात मले. एका सहीवर."

ते पुन्हा आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तापात मले ऐकू नाही येत नीट. तू काय बोलला ते मले समजलं नाही."

ताप सकाळीच उतरला होता. मला राग यायला हवा होता, आला नाही. मीही तेच केलं असतं. तेच तर केलं आहे.

कानावर आलं की उत्तमराव झुंबरबाईचं इंजिन विकत घ्यायला तयार आहेत, "पडून गंजण्यापरीस". लोक म्हणतात, माणूस मोठ्या मनाचा.

१४ ऑक्टोबर

नायबसाहेब आले. उत्तमरावांच्या बैठकीत निकाल. मी झोळी घेऊन गेलो. मला वाटलं, चौकटच लावून दाखवू, तिला बोलू देऊ, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. झोळी पाहून दिवाणजीनं एका गड्याला सायकलवर कुठेतरी पाठवलं. त्या वेळी मी लक्ष दिलं नाही.

बैठकीत दहा-पंधरा माणसं. पुंजाजी जोड्यांपाशी उभे. झुंबरबाई दाराबाहेर, पदर डोक्यावर, चेहरा दगडासारखा. बाईला मी आजच नीट पाहिलं.

मी म्हणालो, "साहेब, मला पुन्हा एकदा रेषा घ्यायची आहे."

"का?" नायबसाहेब म्हणाले. ते पुण्याकडचे, शब्द मोजून बोलतात.

"खात्री करायची आहे."

दिवेलागणी झाली. रेडिओ लावला. मी डब्या कानाला लावल्या. काही नाही. बातम्या चालल्या, इटलीतली कुठलीशी नदी, कुठलासा पूल, एकेक शब्द स्वच्छ. मी चौकट फिरवत राहिलो, इकडे, तिकडे, घाम आला. आवाजच नसेल तर ती खाटेची लाकडं आहेत. कोणीतरी फिसकन हसलं.

"साहेब," उत्तमराव म्हणाले, "गिरनी बंद, आवाज बंद. आनखी कायची खात्री? पोरगं लहान आहे, त्याले खेळू द्या."

मी डब्या काढल्या. मला वाटलं, खरंच, आवाज तर बंद झाला आहे, कदाचित मीच चुकतो. तेवढ्यात दाराबाहेरून झुंबरबाई बोलली, मला नाही, पुंजाजींना. "चाला भावजी. याच्या तोंडालेही कुलूपच आहे."

मग मी बोललो. जसं बोललो तसं लिहितो, सुधारून नाही.

"साहेब, दुसरी रेषा मी काढलीच नाही. मी नदीवर गेलोच नाही. लाटांच्या दिवशी जायचं होतं, मी दोर ओढत होतो. हे पुंजाजी माह्या पुढं होते, दिवे लागेपर्यंत. कागदावरची रेषा मी पारावर बसून ओढली. इंद्रभानजींना माहीत नव्हतं."

उत्तमराव म्हणाले, "मंग? एक रेषा तं खरी आहे न?"

"एक रेषा दोन्हीकडे जाते, मालक."

नायबसाहेब माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी पुंजाजींना विचारलं, "त्या संध्याकाळी गिरणी?"

"दुपारपासून बंद, साहेब. वाण्यानं दळन परत नेलं, विचारा त्याले."

"लाटांच्या संध्याकाळी," नायबसाहेब हळू म्हणाले, "मी इथे, या जागी बसलो होतो. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं." मग उत्तमरावांकडे वळले. "तुम्हीच म्हणालात, ऐका साहेब, ही झुंबरबाईची गिरणी."

उत्तमरावांनी पानाचा डबा उघडला आणि पान न घेता मिटला.

"मग आवाज कुठला?" नायबसाहेबांनी मला विचारलं.

"माहीत नाही, साहेब. ती रेषा मी काढली नाही."

साहेबांनी परवाना पुन्हा चालू केला. मला म्हणाले, "तुझं नाव मला सांगू नकोस. मला ते लक्षात ठेवावं लागेल." यापेक्षा मारलं असतं तर बरं.

१६ ऑक्टोबर

इंद्रभानजी खामगावला निघाले. मी मला न्या म्हणालो नाही, ते ये म्हणाले नाहीत. बैलगाडीत बसल्यावर मात्र झोळी माझ्याकडे टाकली. "तारेचं काही मोल नाही," म्हणाले. "डबा कोनाजवळ तरी धाडून दे." मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, एवढंच.

गिरणी सुरू झाली आहे. झुंबरबाईला भेटायला गेलो. बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या, मला पाहून गप्प झाल्या. पीठ उडत होतं. झुंबरबाई इंजिनाच्या पट्ट्याकडे पाहत राहिली. पुंजाजींनी हात वर केला, मग वहिनीकडे पाहून खाली घेतला.

मी म्हणालो, "काकू, माझी चूक झाली."

"झाली," ती म्हणाली.

ती एका बाईचं दळण ओतत म्हणाली, "लोकं अजून म्हनते, असन हिचीच, सायबानं दया केली." मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "नदी काही कुठं गेली नाही बे."

१७ ऑक्टोबर

नायबसाहेब गेले आणि तडतड परत आली. काल ओट्यावर होती म्हणतात. उत्तमरावांना आता फिकीर दिसत नाही.

आज ऊन उतरायच्या आधीच नदीवर जाऊन बसलो. वाटेत कासार भेटला, हाक मारली, थांबलो नाही. काठावर एक धोबीण कपडे गोळा करत होती, तिनं विचारलं काय आहे हे, मी म्हणालो चौकट. ती गेली. मग कोणी नव्हतं.

विडी पेटवली, कानाला डब्या लावल्या आणि वाट पाहिली. गावात एक दिवा दिसला आणि तडतड सुरू झाली. विडी ओठात तशीच ठेवून चौकट उभी केली आणि फिरवली. मंदिराच्या बाजूनं नेली, गिरणीवरून नेली. गिरणीवर आवाज भरपूर होता, जराही कमी नाही. तशीच पुढे फिरवत पश्चिमेकडे आणली, आणि तिथे आवाज मेला. तोंड सरळ संत्र्याच्या मळ्याकडे. विहिरीकडे. त्या पाण्याखाली मी डोळे मिटून बसलो होतो, आणि गोठ्यात गिरणीच्या नव्या दगडांवर.

खात्रीसाठी पुन्हा फिरवली. पुन्हा तिथेच. ही रेषा आता कोणाला हवी आहे? कागद कुठेच द्यायचा नाही. तरी मी एक ओढली, नकाशावर, नीट, आणि ती पहिलीला मळ्यावर कापून गेली.

विडी हातात घेतली तेव्हा ती अर्धीसुद्धा झाली नव्हती. एवढ्याच वेळाचं काम होतं ते.